मांडावरची गिटार : डिचोलीच्या एका वादकाला उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वय २४, डिचोली तालुक्यातले गाव, पाच वर्षे गिटार शिकून झाली आहे, एका खासगी कंपनीत नोकरी आहे आणि शनिवार-रविवारी मित्रांच्या बँडमध्ये तुम्ही हिंदी चित्रपटगीते वाजवता. गेल्या शिगम्यापासून (आपल्याकडच्या होळीच्या सणापासून) तुमचे मन गोव्याच्या लोकगीतांकडे ओढले गेले आहे आणि नोकरी सोडून तेच पूर्णवेळ करावे असे तुम्हाला वाटते. घरची मंडळी म्हणतात, लोकगीतांवर कुणाचे पोट भरत नाही. गावातले जाणते म्हणतात, गिटार हे आपले वाद्यच नव्हे. यातले खरे किती आणि तुम्ही काय करावे, हे तुम्ही विचारले आहे.

मी फोंडा तालुक्यात वाढले. ३१ वर्षे गिटार वाजवते आहे आणि त्यांपैकी २२ वर्षे मुख्यत्वे आपल्या भागातल्या पारंपरिक गाण्यांसोबत वाजवते आहे. या २२ वर्षांतली पहिली १२ मी एका पतसंस्थेत हिशेबनीस होते, म्हणून तुमच्या घरच्यांची काळजी मला परकी वाटत नाही. त्यांचे म्हणणे आणि गावातल्या जाणत्यांचे म्हणणे वेगवेगळे दिसते, पण माझ्या अनुभवात ती एकाच गाठीची दोन टोके आहेत. जे गाणे पिढ्यान्‌पिढ्या गिटारवाचून पुरे होते, त्यात गिटार घेऊन जाणाऱ्याने नेमके काय करायचे, हा तुमचा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर तुम्ही काय द्याल यावर तुमची मिळकत ठरणार आहे. गाण्याला आपल्या मागे ओढत नेणाऱ्या वादकाला आजच्या घडीला काम चटकन मिळते. गाण्याच्या मागून चालणाऱ्याला ते उशिरा मिळते आणि कमी मिळते. तुमच्या लिहिण्यावरून तुम्हाला दुसऱ्या वाटेने जायचे आहे असे मी धरून चालते, आणि पुढचे सगळे त्या वाटेविषयी आहे.

आधी जाणत्यांच्या आक्षेपाविषयी. ‘गोव्याची लोकगीते’ असे आपण एका दमात म्हणतो, पण त्यात निदान दोन वेगळ्या घडणीची गाणी आहेत. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी हे भाग सोळाव्या शतकापासून पोर्तुगिजांच्या ताब्यात होते आणि तिथे चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचायला, समूहात गायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवले जाई. त्या शिक्षणातून तयार झालेल्या कानांनी एकोणिसाव्या शतकात सासष्टीतल्या ख्रिस्ती घरांत मांडो घडवला. सहा मात्रांचा संथ ठेका, तिसऱ्या किंवा सहाव्या स्वराच्या अंतराने चालणारे दोन आवाज, साथीला व्हायोलिन आणि घुमट हे मातीचे तालवाद्य, असे त्याचे रूप. त्याच्यामागून धावत्या लयीचे दुलपद येते. मांडोच्या हाडातच सुसंवादी स्वर असल्यामुळे गिटारचे कॉर्ड (एकदम वाजवलेले स्वरसमूह) तिथे आपल्या घरी आल्यासारखे बसतात.

आपला फोंडा, तुमची डिचोली, पेडणे, सत्तरी हे भाग पोर्तुगिजांकडे गेले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. इथल्या गाण्यांवर त्या शिक्षणाचा हात जवळजवळ फिरलाच नाही. धालो (पौषातल्या रात्री बायका विधी म्हणून गातात तो), फुगडी आणि जात्यावरच्या ओव्या ही एका सुराच्या ओळीवर चालणारी, वाद्यावाचून गायली जाणारी गाणी आहेत. शिगम्याची गाणी ढोल, ताशा आणि कासाळ्यांच्या (मोठ्या झांजांच्या) बळावर उभी असतात. चतुर्थीच्या आरत्या घुमट आणि शामेळ या तालवाद्यांच्या आहेत. या गाण्यांत कॉर्डसाठी कुणी जागा सोडलेली नाही. तुमच्या गावातले जाणते याच गाण्यांविषयी बोलत आहेत, आणि या गाण्यांपुरते त्यांचे म्हणणे बरोबर आहे.

हे मला पुस्तकातून कळले नाही. मी २६ वर्षांची असताना पौषातल्या एका रात्री मावशीच्या गावी धालोच्या मांडावर (तो जिथे गातात त्या अंगणात) गिटार घेऊन गेले होते. शेणाने सारवलेल्या अंगणात बायका समोरासमोर दोन रांगा करून, एकमेकींच्या कमरेत हात घालून, वाकत आणि मागे सरत गात होत्या. मी कडेला तुळशीपाशी बसून अगदी हलक्या हाताने मायनर कॉर्ड धरला. दोन कडव्यांनंतर रांगेच्या टोकाला असलेली, गाणे सांगणारी म्हातारी थांबली आणि रागावून नव्हे, तर काळजीने मला म्हणाली, “बाये, तुजें वाद्य आमकां वाट चुकयता.” मी गिटार पिशवीत घातली आणि उरलेली रात्र नुसती ऐकत बसले. मावशीच्या घरच्या टेपवर त्या रात्रीचे थोडे ध्वनिमुद्रण झाले होते. दुसऱ्या दिवशी मी ते पाच-सहा वेळा ऐकले, तेव्हा तिचे म्हणणे मला शब्दशः पटले.

त्या म्हातारीचा गंधार, म्हणजे सप्तकातला तिसरा स्वर, कोमल नव्हता आणि शुद्धही नव्हता. तो दोहोंच्या मधे कुठेतरी होता आणि कडव्यागणिक किंचित हलत होता. गिटारच्या पडद्यांनी सप्तकाचे बारा सारखे भाग करून ठेवलेले असतात, त्यामुळे असा गंधार त्यांच्यावर सापडत नाही. मी मायनर कॉर्ड धरला तेव्हा सगळ्या मांडाच्या वतीने कोमल गंधार ठरवून टाकला. ध्वनिमुद्रणात स्पष्ट ऐकू येत होते की मी वाजवायला लागल्यावर बायका हळूहळू माझ्या स्वरावर आल्या आणि मी थांबल्यावर पुन्हा आपल्या जागी गेल्या. ऐकणाऱ्या कुणाला त्यात काही खटकले नसते. उलट, ‘सुरात आल्या’ असेच कुणीही म्हटले असते. माझ्या लेखी मात्र गिटारवादकाकडून लोकगीताचे होणारे सर्वांत मोठे नुकसान हेच आहे, कारण ते सुधारणेसारखे दिसते.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. मांडावर, म्हणजे धालो जिथे विधी म्हणून गायला जातो तिथे, मी गिटार नेत नाही. मी रांगेत उभी राहते आणि गाते. तुम्ही पुरुष असल्यामुळे तुम्हाला अंगणाबाहेर बसून ऐकावे लागेल आणि त्यासाठीही आधी विचारावे लागेल. दुसरी गोष्ट तंत्राची आहे. त्याच बायका कधी रंगमंचावर गातात आणि साथ हवी असे स्वतः म्हणतात, तेव्हा मी गिटारची जुळणी बदलते. सहावी, दुसरी आणि पहिली तार एकेक पूर्ण स्वर उतरवली, की मोकळ्या तारा खालून वर डी, ए, डी, जी, ए, डी अशा लागतात. डी हा षड्ज धरला तर ते सा, प, सा, म, प, सा असे होते. यात गंधार कुठेच नाही. तिसरी तार टाळली की तंबोऱ्याची जोड मिळते आणि गंधाराचा निर्णय गाणारीकडेच राहतो. डाव्या हाताला फारसे काम उरत नाही, याची चांगल्या वादकाला सुरुवातीला लाज वाटते. मला वर्षभर वाटत होती.

घुमटासोबत वाजवणे हा वेगळा अभ्यास आहे आणि तो तुम्ही गावातच करू शकता. घुमट म्हणजे मातीचे भांडे, मोठ्या तोंडावर कातडे ताणलेले आणि मागचे लहान तोंड उघडे. उजवा हात कातड्यावर पडतो आणि डावा तळवा मागचे तोंड झाकत-उघडत असतो, त्यातून तो घुमणारा, आत ओढला जाणारा खर्ज निघतो. गिटारच्या पाचव्या-सहाव्या तारा नेमक्या त्याच खर्जात येतात आणि दोन्हींचा गाळ होतो. सुरुवातीच्या एका कार्यक्रमात मी अंगठ्याने खालच्या तारा जोरात वाजवत होते, तेव्हा शेजारी बसलेले वयस्कर घुमटवादक मध्यंतरात एवढेच म्हणाले, “बाय, सकयल देंवूं नाका.” खाली उतरू नका. तेव्हापासून घुमट असेल तिथे मी पहिल्या चार तारांवरच राहते आणि तळवा घोडीपाशी (तारा पुढच्या फळीवर जिथे टेकतात तिथे) टेकवून नाद छोटा ठेवते. तसे केले की घुमटाचा प्रत्येक बोल मोकळा ऐकू येतो आणि गिटारही हरवत नाही. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला. पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे लावत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण असल्याने आता बकऱ्याचे कातडे लावतात. चतुर्थीच्या दिवसांतल्या दमट हवेत कातडे सैल पडते, मग ते उन्हात किंवा निखाऱ्याजवळ धरून तापवावे लागते. वादक घुमट तापवत असताना तुमची गिटार जुळवून झाली असेल तर थांबा, त्याचे झाल्यावर पुन्हा एकदा तपासा.

मांडो, दुलपद आणि देखणी (नाचासोबत गायचे गाणे) या बाजूला गिटारला खरे काम आहे, आणि तुम्ही सुरुवात देखणीपासून करावी असे मला वाटते. तिची चाल आपल्याकडच्या सुरावटीच्या जवळची आहे आणि ठेका मात्र पाश्चात्त्य वळणाचा दोन मात्रांचा आहे, त्यामुळे तुमच्या दोन्ही सवयी तिथे कामी येतील. मांडोसाठी तीन गोष्टी शिकाव्या लागतील. एक म्हणजे रोमी (रोमन) लिपीतली कोकणी वाचणे. मराठी शाळेत शिकलेल्या आपल्यासारख्यांना ती सुरुवातीला जड जाते, पण मांडोचे बहुतेक जुने शब्द त्याच लिपीत आहेत आणि सासष्टीच्या उच्चाराशिवाय ते शब्द चालीत बसत नाहीत. दुसरी म्हणजे पाच रेषांवरचे स्वरलेखन, निदान वाचण्यापुरते. तिसरी गोष्ट गाणाऱ्यांच्या पट्टीवर जाण्याची. बायकांचा गट काळी पाचमध्ये गात असेल तर “जरा पांढरी सहामध्ये घ्या, मला सोपे पडेल” असे कधीही म्हणू नये. पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा आणि ए मायनरच्या सोप्या आकारात वाजवा. अर्ध्या स्वराने पट्टी उतरवली तरी म्हाताऱ्या गळ्यातला वरचा स्वर आपला ताण गमावतो, आणि मांडोत तो ताणच गाणे सांगत असतो. अनेक मांडो मायनरमध्ये सुरू होतात आणि मधेच मेजरकडे वळतात. त्या वळणाआधीच्या मात्रेवर मी काहीच वाजवत नाही. गाणारे वळले, की मग त्यांच्या मागून वळते.

आता पैशांविषयी. हे बरेचसे परिस्थितीवर अवलंबून आहे : घर स्वतःचे आहे का, कुणी तुमच्यावर अवलंबून आहे का, कर्ज आहे का, लग्नाचा विचार कधीचा आहे. हे तुम्ही लिहिलेले नाही, म्हणून मी फक्त माझे वर्ष कसे जाते ते सांगते.

माझ्या मिळकतीचा मोठा भाग शिकवण्यातून येतो. आठवड्यातून पाच दिवस दुपारनंतर घरी मुले शिकायला येतात आणि त्यांतली बहुतेक चित्रपटगीते शिकायलाच येतात. ती मी मनापासून शिकवते. नोव्हेंबरपासून मेपर्यंत लग्नांचा हंगाम असतो. ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी रोसाचा विधी होतो, नारळाचा रस लावून वधू-वरांना न्हाऊ घालतात, त्या वेळच्या पारंपरिक गाण्यांना साथ करायला मला बोलावतात. ती माझी सर्वांत आवडती कामे आहेत. चाळीस दिवसांच्या उपवासाच्या काळात, ईस्टरपर्यंत, ही लग्ने जवळजवळ थांबतात, आणि तेव्हा शिगमा येतो, ज्यात गिटारला काम नसते. जून ते सप्टेंबर कार्यक्रम फार थोडे असतात. सरकारी आणि संस्थांच्या महोत्सवांत वर्षाकाठी तीन-चार संधी मिळतात, मानधन बऱ्याचदा काही महिन्यांनी हाती येते. हिशेबनीस असल्यामुळे मी पहिल्या दिवसापासून वही ठेवली. त्या वहीनुसार पारंपरिक गाण्यांच्या साथीतून माझा घरखर्च पूर्णपणे निघाला असे एकही वर्ष नाही.

हॉटेलांत आणि मांडवीवरच्या सायंकाळच्या बोटींवर लोकगीतांना नियमित काम असते आणि तिथे वाजवणाऱ्यांना मी कमी लेखत नाही, त्यांनी घरे चालवली आहेत. माझा स्वतःचा अनुभव एका किनाऱ्यावरच्या हॉटेलचा आहे. मांडो तीन मिनिटांत बसवा, पाहुणे कंटाळतात, आणि खाली यंत्रावरचा ठेका लावा, अशी त्यांची अट होती. मी एक हंगाम ते केले, कारण त्या वर्षी आईच्या औषधांचा खर्च होता. हंगामाच्या शेवटी शेवटच्या दोन महिन्यांचे पैसेही मिळाले नाहीत, कारण कागदावर काहीच लिहून घेतले नव्हते. पैशांपेक्षा मला दुसऱ्या गोष्टीचे दुःख झाले. त्या वेगाची हाताला इतकी सवय लागली की कुडतरीला एका घरी वयस्कर जोडप्यासोबत वाजवताना मी दर ओळीला त्यांच्या पुढे जात होते. ती सवय मोडायला पुढचा सगळा पावसाळा गेला.

म्हणजे आतापर्यंतचे एकत्र धरले तर चित्र असे दिसते : काही गाण्यांत गिटारला जागा आहे, काहींत ती मागितल्यावरच मिळते, काहींत मुळीच नाही, आणि जिथे आहे तिथली मिळकत हंगामी आहे. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की नोकरी आत्ता सोडू नये. नोकरीमुळे वेळ कमी पडतो हे खरे आहे, मीही १२ वर्षे रात्री साडेनऊनंतरच सराव केला. पण पगार हातात असला की चुकीच्या अटींवर ‘नको’ म्हणता येते, आणि या संगीतात सुरुवातीच्या वर्षांत तेच सर्वांत जास्त वेळा म्हणावे लागते. मी नोकरी सोडली ती तीन गोष्टी जमल्यावर : शिकवण्यातून येणारी रक्कम सलग दोन वर्षे पगाराच्या जवळ गेली, वर्षभराचा खर्च बाजूला पडला, आणि दोन घुमटवादक व एक व्हायोलिनवादक मला स्वतःहून बोलावू लागले. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची होती. तुमच्या घरच्यांकडे कायमची परवानगी न मागता तीन वर्षांची मुदत मागा. आकडा ठरलेला असला की बोलणे सोपे जाते.

एका बाबतीत माझ्या हातून चूक झाली आहे, ती तुम्ही करू नये. काही वर्षांपूर्वी एका गावातल्या बायकांचे गाणे मी मोबाइलवर मुद्रित केले आणि त्यांना न विचारता इंटरनेटवर टाकले. मला वाटले, त्यांचा मान होईल. त्यातले एक गाणे बाहेरच्यांनी ऐकायचे नव्हते, ते मांडावरच्या शेवटच्या रात्रीचे होते. मी ते काढून टाकले, घरोघर जाऊन माफी मागितली, तरी पुढची दोन वर्षे त्यांनी मला बोलावले नाही, आणि ते योग्यच होते. आता मी मुद्रण करण्यापूर्वी विचारते, प्रत त्यांच्या हाती देते, आणि त्या गाण्यातून पैसे आले तर त्यांचा वाटा आधी काढते. मांडोच्या बाबतीत रचनाकाराचे नाव शोधून जाहीर करायची सवय ठेवा. अनेक मांडो लोकगीते म्हणून गायले जातात, पण ते रचणारी माणसे माहीत असतात. आपल्या कायद्यात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो, आणि जुन्या गाण्याच्या नव्या ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो.

वाद्याविषयी थोडक्यात. आपल्या पावसाळ्यात लाकूड पाणी ओढते, पुढची फळी फुगते, तारा पडद्यांपासून उंच जातात. माझ्या एका गिटारची घोडी श्रावणात मुळासकट उचलली गेली होती. जून लागला की गिटार भिंतीवर टांगू नका, घट्ट पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि पुड्या दर पंधरा दिवसांनी बदला. घुमट आणि व्हायोलिनसोबत मला नायलॉनच्या तारा जास्त जवळच्या वाटतात, पोलादी तारांची चकाकी म्हाताऱ्या आवाजांवर चढते. नायलॉन गंजतही नाही. फादो या पोर्तुगीज गायनप्रकारासाठी लागणारी बारा तारांची पोर्तुगीज गिटार हे वेगळे वाद्य आहे, त्याची जुळणी आणि बोटे निराळी असतात. ती या वाटेवर लगेच विकत घ्यायची गरज नाही.

सुरुवात कुठून करावी हे तुम्ही विचारले नाही, पण मी सांगते. येत्या चतुर्थीला गावातल्या आरतीच्या पथकात जा. गिटार घरी ठेवा. झांज धरायला मागा, ती कुणाही नवख्याला देतात. घुमटवादकाच्या डाव्या बाजूला बसा, म्हणजे मागचे तोंड झाकणारा त्याचा तळवा तुम्हाला दिसेल, आणि घरोघरच्या आरत्या संपेपर्यंत फक्त तो तळवा केव्हा उघडतो तेवढे पाहा. मला तो अंदाज यायला तीन चतुर्थ्या लागल्या. तुम्हाला कदाचित कमी लागतील. मग पौषात मला पुन्हा लिहा.